सभागृहाच्या पोडियमवर एकच टाइप-सी वायर : कामाच्या नोंदी

१२ मे २०२५

सुट्टी लागली, सभागृह रिकामं झालं, म्हणून आजपासून काम हातात घेतलं. सध्याची स्थिती अशी : प्रोजेक्टर छताला टांगलेला, पोडियम समोरच्या कोपऱ्यात, आणि दोघांमध्ये भिंतीतल्या पाइपातून गेलेली जुनी व्हीजीए वायर. पोडियमच्या खणात वेगवेगळ्या पिनांचे कन्व्हर्टर पडलेत, त्यातले निम्मे कशाचे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. बाहेरून कोणी व्याख्यानाला आलं की तासाची सुरुवात खण उपसण्यात जाते. आमची बरीच मुलं आसपासच्या गावांतून सकाळची एसटी पकडून येतात. त्यांचा वेळ पिन शोधण्यात जाऊ नये, असं मला फार दिवस वाटत होतं.

ठरवलंय ते असं : पोडियमवर एक टाइप-सी टोक कायमचं असेल. पाहुण्याने ते लॅपटॉपला लावायचं; चित्र, आवाज आणि चार्जिंग तिन्ही त्याच वायरीतून व्हायला हवं. दुसऱ्या कॉलेजात कोणाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून इथे तारीखवार लिहीत जाते.

१४ मे

खरेदीआधी स्टाफरूममध्ये बसून सगळ्यांचे लॅपटॉप पाहिले. आज सर्वांत जास्त वेळ यातच गेला, आणि तो द्यायलाच हवा होता.

सी पोर्ट बाहेरून सगळ्यांचा एकच. आतल्या २४ पिनांपैकी कुठल्या खरोखर जोडायच्या ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. चित्र बाहेर काढण्याची सोय, म्हणजे 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड', २०१४ पासून उपलब्ध आहे, पण ती द्यायलाच हवी असं बंधन नाही. पोर्टशेजारी आकाशातल्या विजेसारख्या बाणाची खूण असेल तर तो थंडरबोल्ट (डेटा आणि चित्र दोन्ही नेणारा जलद पोर्ट), चित्र मिळणारच. इंग्रजी 'डी'च्या पोटात 'पी' असं चिन्ह असेल तरीही मिळेल. नुसता यूएसबीचा त्रिशूळ किंवा बॅटरीची खूण असेल तर भरवसा धरू नका. शिवाय काही कंपन्या चित्राची सोय देऊनही खूण छापत नाहीत, त्यामुळे मॉडेल नंबर टाकून माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधणं हाच पक्का मार्ग.

आमच्याकडे निघालं ते असं : अलीकडे घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपांवर चित्र मिळतं. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचा लॅपटॉप नवा आहे, पण स्वस्तातला. त्याच्या सी पोर्टमधून फक्त डेटा जातो. भूगोलाच्या सरांच्या लॅपटॉपला सी पोर्टच नाही, एचडीएमआय (टीव्हीला लावतात ती, चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी पिन) आणि व्हीजीए आहे.

प्राचार्यांनी विचारलं, "अहो, आता कायद्यानेच सगळं सी झालंय ना? मग अडतंय कुठे?" तो कायदा युरोपीय संघाचा. फोनांना तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, लॅपटॉपांना २८ एप्रिल २०२६ पासून लागू होईल. पण तो चार्जिंगपुरता आहे. त्या भोकातून चित्र आलंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. हे प्राचार्यांना समजावून सांगितलं, कारण उद्या खरेदी समितीत "सी आहे ना, मग झालं" असं म्हणून चुकीचे लॅपटॉप घेतले जाण्याचा धोका आहे. नव्या खरेदीच्या अटींत 'सी पोर्टमधून डिस्प्ले आउटपुट' असं स्पष्ट लिहायचं त्यांनी मान्य केलं. या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ फायदा मला हाच वाटतो.

१७ मे

भाषा प्रयोगशाळेतला ४के टीव्ही चाचणीसाठी वापरला. एका सहकाऱ्याकडून सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर आणला. त्याला सी सॉकेट आहे, म्हणजे लॅपटॉपपर्यंतची वायर वेगळी लावता येते.

फोनच्या चार्जरबरोबर आलेली सी ते सी वायर लावली. लॅपटॉप चार्ज होतोय, टीव्हीवर 'नो सिग्नल'. मग '१०० वॅट' छापलेली जाड, विणीच्या आवरणाची वायर लावली. पुन्हा तेच. शेवटी पोर्टेबल हार्ड डिस्कबरोबर आलेली वीतभर वायर लावली, आणि चित्र लगेच आलं.

कारण साधं आहे. चार्जिंगच्या वायरीत वीज नेणारी तार, ग्राउंडची (वीज परतीची) तार, यूएसबी २.० च्या दोन तारा आणि ओळख पटवणारी एक तार एवढंच असतं. चित्र तारांच्या ज्या जलद जोड्यांतून जातं त्या जोड्या तिच्यात घातलेल्याच नसतात. १०० वॅट हा आकडा वीज किती सोसते एवढंच सांगतो. तशी वायर आतून सेकंदाला ४८० मेगाबिट एवढ्या संथ डेटाचीच असू शकते. वायर घेताना वॅटबरोबर 'जीबीपीएस' (सेकंदाला किती गिगाबिट डेटा जातो) पाहायचं. १०, २० किंवा ४० लिहिलं असेल तर जलद जोड्या आत आहेत. दोन्ही आकडे छापलेले नसतील तर ती वायर या कामासाठी घ्यायची नाही.

२० मे

पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन आले. पहिल्याच दुकानात विचारलं, "दादा, या वायरीतून चित्र जाईल का?"

"ताई, सी म्हणजे सी. सगळं जातं."

तिथून काही घेतलं नाही. पुढच्या दुकानात लॅपटॉप आणि कन्व्हर्टर काउंटरवर ठेवले आणि म्हटलं की इथेच लावून बघते, चाललं तर घेते. दुकानदाराने स्वतःचा मॉनिटर काढून दिला. घरून लॅपटॉप ओझं म्हणून न नेता गेले असते तर आज अंदाजानेच खरेदी झाली असती. १ मीटरची १० जीबीपीएसची वायर घेतली, तशीच आणखी एक जास्तीची घेतली.

कन्व्हर्टर दोन प्रकारचे मिळतात. एक हबसारखा : एचडीएमआय, यूएसबी ३ ची भोकं, कार्ड रीडर, लॅनची पिन. दुसरा साधा : एचडीएमआय आणि चार्जिंगची सी पिन, बस. तुलनेसाठी दोन्ही आणले.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण याच कारणाने वायरी परत केल्या जाताना पाहिलंय. बाजारातल्या सी ते एचडीएमआय वायरीत लॅपटॉपमधून डिस्प्लेपोर्ट सिग्नल निघतो आणि टोकाजवळची चिप त्याचा एचडीएमआय करते. चिप एकाच दिशेने चालते. एचडीएमआयचा लॅपटॉप आणि सी पिनचा मॉनिटर असेल तर हीच वायर उलटी लावून काही होत नाही. त्यासाठी वेगळा, सहसा बाहेरून वीज लागणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

२२ मे

हब टीव्हीला जोडला. चित्र आलं, पण माउसचा बाण ओढल्यासारखा मागे राहतो. सेटिंगमध्ये पाहिलं तर ४के, ३० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ३० चित्रं). ६० चा पर्यायच नाही. त्याच लॅपटॉपला, त्याच वायरीने साधा कन्व्हर्टर लावला तर ६० आलं.

याचा उलगडा सी पिनच्या आतल्या वाटणीत आहे. जलद जोड्या एकूण चार. हबवर यूएसबी ३ ची भोकं आहेत म्हणून दोन जोड्या त्यांच्या वाट्याला जातात, चित्राला उरतात दोन. या लॅपटॉपच्या दर्जाच्या डिस्प्लेपोर्टला, म्हणजे १.२ ला, एका जोडीत सेकंदाला ५.४ गिगाबिट मिळतात. दोन जोड्यांचे १०.८, त्यातून सिग्नल पाठवण्यासाठी घातलेले जादा बिट वजा केले की ८.६४ उरतात. ४के ३० हर्ट्झला साधारण ७ गिगाबिट लागतात, ते बसतं. ६० हर्ट्झला त्याच्या दुप्पट लागतं, ते बसत नाही. साधा कन्व्हर्टर चारही जोड्या चित्राला देतो, १७.२८ गिगाबिट, आणि गाडं पुढे सरकतं.

सभागृहातला प्रोजेक्टर मुळात १२८० बाय ८०० चा आहे. त्याला सुमारे २ गिगाबिट पुरतात, म्हणजे तिथे हबही चालला असता. तरी मी साधाच कन्व्हर्टर ठेवतेय. पोडियमवर जितकी भोकं कमी, तितके "हे कुठे लावू?" असे प्रश्न कमी. हब प्रयोगशाळेत ठेवला.

२६ मे

आज लांब वायरीचं काम. पोडियमपासून प्रोजेक्टरपर्यंत भिंत आणि छत धरून १५ मीटर होतं.

सी वायर इतकी लांब नेण्याचा विचार सोडून द्या. साध्या तांब्याच्या सी वायरीतून पूर्ण वेगाचं चित्र मीटर-दोन मीटरपर्यंतच खात्रीने जातं. म्हणून सीचा तुकडा फक्त पोडियमवर, कन्व्हर्टर खणात, आणि तिथून पुढे एचडीएमआय.

आधी साधी १५ मीटरची एचडीएमआय वायर जमिनीवर पसरून पाहिली. १२८० बाय ८०० ला व्यवस्थित. १९२० बाय १०८० केलं की चित्रावर पांढरे ठिपके चमकतात आणि मधेच काळं होतं. प्रोजेक्टर १०८० पण स्वीकारतो, आणि काही लॅपटॉप आपोआप तेच निवडतात, त्यामुळे ही वायर बाद. ऑप्टिकल एचडीएमआय घेतली. तिच्यात काचेचा धागा असतो, म्हणून लांबीची अडचण येत नाही.

जुन्या व्हीजीएच्या पाइपातून ती जाईना. एचडीएमआयचं डोकं वळणावर अडतं, आणि जोर लावला तर धागा तुटायची भीती. वायरमन म्हणाले, "मॅडम, पाइप विसरा, पट्टी मारू." घोडा लावून भिंतीवरून केसिंग पट्टी मारली, गिट्ट्या ठोकल्या, कोपऱ्यांवर वळण मोठं ठेवलं. संध्याकाळी सगळं बंद करून लॅपटॉप लावला तर चित्र नाही.

ऑप्टिकल वायरीला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आमचं 'सोर्स' प्रोजेक्टरकडे गेलं होतं. सगळी पट्टी उघडून वायर फिरवावी लागली आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी पुन्हा द्यावी लागली. हे टाळायचा उपाय सोपा आहे : पट्टीत घालण्याआधी दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा, वायर जमिनीवर असतानाच चित्र आणून पाहा, आणि तशीच उचलून भिंतीवर न्या.

२९ मे

चित्र आलं, आवाज गेला. सभागृहाचा अॅम्प्लिफायर पोडियमच्या खाली आहे आणि आतापर्यंत लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून त्याला आवाज मिळायचा. एचडीएमआय जोडलं की लॅपटॉप आवाजही त्याच वाटेने पाठवतो, आणि तो प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरमधून छतापाशी येतो. मागच्या बाकांना काही ऐकू येत नाही.

व्याख्यात्याला सेटिंग बदलायला लावणं हा उपाय मला मान्य नव्हता. कन्व्हर्टर आणि लांब वायरीच्या मध्ये एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारी डबी बसवली. तिच्यावर बारीक बटण असतं : 'पास', '२ चॅनल', '५.१'. कारखान्यातून ते 'पास'वर येतं. ते '२ चॅनल'वर ठेवल्यावर सगळ्या लॅपटॉपांचा आवाज अॅम्प्लिफायरमध्ये यायला लागला.

२ जून

चार्जिंग. ६५ वॅटचा चार्जर कन्व्हर्टरच्या सी पिनमध्ये कायमचा लावला. कन्व्हर्टर त्यातली थोडी वीज स्वतःसाठी ठेवतो, उरलेली लॅपटॉपला देतो. नेहमीच्या लॅपटॉपांना पुरतं. मोठ्या ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपवर 'स्लो चार्जर' असा संदेश येतो, पण तासभर भागतं. फोनचा छोटा चार्जर तिथे लावू नका, त्यावर काही लॅपटॉप चार्ज व्हायलाच नकार देतात.

एक त्रास मात्र खरा निघाला. चालू तासात चार्जर काढला किंवा लावला की पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो. वीज किती घ्यायची-द्यायची याची बोलणी लॅपटॉप आणि कन्व्हर्टर नव्याने सुरू करतात, आणि त्या गडबडीत चित्रही तुटतं. आमचे शिपाई मामा तास सुरू झाल्यावर सवयीने पोडियमचा एक्स्टेन्शन बोर्ड बंद-चालू करतात, कारण माइकचा आवाज त्याने साफ होतो. चार्जरसाठी भिंतीवरून वेगळा पॉइंट घेतला आणि त्याचं बटण पट्टीने झाकलं. मामांना कारण सांगितलं, तेव्हा त्यांनीच सुचवलं की माइकचीही वायर बदलून टाका म्हणजे बोर्डाला हात लावायलाच नको. बदलली.

कन्व्हर्टर खणात बंद ठेवला तर चांगलाच तापतो. एका दुपारी सलग चालवल्यावर चित्र लुकलुकायला लागलं. खणाच्या मागच्या फळीला भोकं पाडली, कन्व्हर्टर फळीला उभा बांधला. त्यानंतर पुन्हा तसं झालं नाही.

५ जून

भूगोलाच्या सरांसाठी आणि पाहुण्यांच्या जुन्या लॅपटॉपांसाठी एचडीएमआयचं टोकही द्यावं लागलं. म्हणजे 'एकच वायर' हा मूळ हट्ट सोडला, आणि सोडला ते बरं झालं. ज्यांच्याकडे नवा लॅपटॉप नाही त्यांना पोडियमवर अडवणारी सोय आम्हाला नको होती. व्हीजीएसाठी मात्र वेगळं टोक दिलेलं नाही. एक व्हीजीए ते एचडीएमआय डबी खणात आहे, तिला यूएसबीची वीज आणि आवाजाची पिन वेगळी लावावी लागते, हे तिच्यावरच चिकटवलंय.

दोन टोकांमधून एक निवडायला स्विच हवा. आपोआप बदलणारा आणला होता. कोणी झोपवलेला लॅपटॉप तसाच जोडून ठेवला की स्विच त्यालाच चिकटून राहतो, कारण त्या पिनेवर वीज दिसत असते. परत करून बटणाचा घेतला. बटणाशेजारी दिवा आहे, कुठली वायर चालू ते दिसतं.

सीचं टोक पोडियमच्या काठावर क्लिपने अडकवलंय, आणि आत वायरीला एक सैल वेटोळं देऊन टायने बांधलंय, म्हणजे कोणी ओढलं तरी कन्व्हर्टरच्या भोकावर ताण येत नाही. सी पिन १०,००० वेळा घालण्या-काढण्यासाठी बनवलेली असते, पण आडवा हिसका बसला तर पहिल्याच दिवशी मोडू शकते. हाताळली जाते ती वायर सुटी, बदलता येणारी हवी. कन्व्हर्टरलाच जोडून आलेली वायर घेऊ नका. सी वायरीला एक्स्टेन्शनही लावू नका, यूएसबीच्या नियमांत तसली वायर बसतच नाही.

९ जून

वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचा लॅपटॉप, ज्याच्या सी पोर्टमधून फक्त डेटा जातो. त्याला एचडीएमआय आहे, त्यामुळे सभागृहात प्रश्न सुटलाय. तरी त्यांना प्रयोगशाळेत सीवरूनच काम हवं होतं, म्हणून डिस्प्लेलिंकचा अॅडॉप्टर लावून पाहिला. हा चित्र दाबून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो, त्याला ऑल्ट मोड लागत नाही. ड्रायव्हर टाकावा लागतो आणि प्रोसेसरवर भार पडतो. स्लाइड आणि सूक्ष्मदर्शकाचे फोटो छान दिसतात. संरक्षित चित्रपट-मालिकांच्या अॅपवर पडदा काळा येतो. पाहुण्याच्या लॅपटॉपमध्ये ऐनवेळी ड्रायव्हर टाकता येत नाही, म्हणून सभागृहासाठी हा मार्ग नाही.

फोन. मुलं विचारतात, "मॅडम, फोन लावला तर दिसेल का?" त्यांच्या हातातल्या बहुतेक फोनांमध्ये दिसत नाही, कारण सी पिन तिथे चार्जिंग आणि यूएसबी २.० पुरतीच आहे. आयफोन १५ पासून पुढची मुख्य मॉडेलं, सॅमसंगची एस मालिका एस८ पासून, आणि पिक्सेल ८, ज्याला ही सोय २०२४ च्या अपडेटने मिळाली, यांवर चित्र येतं. मुलांचं सादरीकरण असेल तर फाइल आदल्या दिवशी घेऊन सभागृहाच्या लॅपटॉपवर टाकायची, असं ठरवलं. कोणाकडे कुठला फोन आहे यावरून वर्गात फरक पडायला नको.

१७ जून

पहिलं व्याख्यान झालं. पाहुण्यांनी टोक लावलं, चित्र आलं. पण त्यांच्या लॅपटॉपने पडदा 'एक्स्टेंड' केला होता, त्यामुळे भिंतीवर नुसतं वॉलपेपर. पोडियमवर चिठ्ठी लावली : विंडोज बटण आणि पी, मग 'डुप्लिकेट'. आणखी एक : लॅपटॉपने १०८० निवडलं की प्रोजेक्टर ते चित्र आक्रसून दाखवतो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. तक्ते असतील तर १२८० बाय ८०० करायचं. तेही चिठ्ठीवर लिहिलं.

खर्च, पूर्णांकात : ऑप्टिकल वायर ३,६००, साधा कन्व्हर्टर १,९००, सीच्या दोन वायरी १,८००, चार्जर १,७००, आवाजाची डबी १,२००, स्विच ६००, पट्टी-गिट्ट्या-पॉइंट आणि दोन वेळची मजुरी मिळून २,८००. हबचे २,४०० यात धरलेले नाहीत, तो प्रयोगशाळेच्या खात्यावर गेला. उलटी वायर आणि मोफत चाचणीशिवाय घेतलेल्या वस्तू टाळल्या तर हजार-दीड हजार वाचतील.

१ जुलै

दोन आठवड्यांत एकच तक्रार आली : सी लावलं, चार्जिंग होतंय, चित्र नाही. जाऊन पाहिलं तर कोणीतरी पोडियमची वायर फोन चार्ज करायला काढून नेली होती आणि बदल्यात स्वतःची चार्जिंगची वायर लावून ठेवली होती. जास्तीची घेतलेली वायर आज उपयोगी पडली. नवीन वायरीच्या दोन्ही टोकांना पिवळी टेप लावली, कन्व्हर्टरकडचं टोक फळीला क्लॅम्पने आवळलं आणि खणाला कुलूप घातलं. किल्ली मामांकडे आणि एक ऑफिसात.

पुढचं काम वर्ग क्रमांक ७ मधलं. तिथे अंतर ६ मीटरच आहे, त्यामुळे साधी एचडीएमआय वायर १०८० ला चालते का, ते आधी जमिनीवर पसरून पाहणार आहे.